वाकळीच्या नोंदी: एका येळवशीपासून दुसऱ्या येळवशीपर्यंत

१२ जानेवारी २०२४

काल येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली वेळा अमावास्या झाली. आमच्या लातूरकडच्या औसा तालुक्यात या अमावास्येला घरात कुणी थांबत नाही. रानात कडब्याची कोप (खोपी) करायची, पांडव पूजायचे, भज्जी, उंडे आणि आंबील घेऊन सगळं गाव शेतात. आज घर शांत होतं म्हणून गेल्या वर्षाची वही काढून बसले.

६१ वाकळी विकल्या. (आम्ही वाकळ म्हणतो, पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक गोधडी म्हणतं.) एकीचे १,५०० रुपये, म्हणजे ९१,५०० आले. शिवणाऱ्या नऊजणींना वाकळीमागे ५०० प्रमाणे ३०,५०० दिले. जुन्या साड्या, दोरा आणि पार्सल धरून वाकळीमागे ६५० गेले. माझ्या हातात वर्षाचे २१ हजार आणि थोडे वर राहिले.

वहीत ऑर्डर कुणाची, पैसे किती, पार्सल कधी गेलं हे सगळं आहे. एका वाकळीला वेळ किती लागला, ते मात्र एकाही पानावर नाही. म्हणून यंदा ही दुसरी वही केली. येत्या येळवशीपर्यंत कामाचं जे जे कळेल ते हिच्यात लिहायचं.

५ फेब्रुवारी

थोरल्या जाऊबाईंनी एक वाकळ सुरू केली ती मी पहिल्या टाक्यापासून मोजली. त्या बसल्या की मोबाईलवर वेळ लावायची, उठल्या की बंद. चहाला उठल्या तरी बंद.

वाकळ पाच फूट बाय साडेसात फूट. थर अंथरून, सुरकुत्या काढून, कडेने कच्चा टाका घातला की काठापासून धावदोरा सुरू होतो. चौकोनाच्या आत चौकोन घेत हात मध्यावर येतो. दोन ओळींत अर्ध्या इंचाचं अंतर. वीतभर जागेत मी टाके मोजले तर २७ भरले, म्हणजे इंचाला तीन. सगळ्या ओळी सरळ करून मांडल्या तर १०,८०० इंच होतात, २७० मीटरच्या वर. दोरा दुहेरी, म्हणून गाठी आणि जोड धरून एका वाकळीला ६०० मीटर दोरा. आणि टाके ३२,४००.

हा आकडा मी दोनदा करून पाहिला. बत्तीस हजार चारशे वेळा सुई खाली जाऊन वर येते.

वेळ लागला ४५ तास. दिवसाला चार-साडेचार तास, मधे एक दिवस लग्नाला गेल्या. ५०० रुपयांना ४५ ने भागलं तर तासाचे ११ रुपये येतात. आमच्या गावात बाईला खुरपणीचे ३०० मिळतात, सहा तासांचे. म्हणजे तासाला ५०.

मी जाऊबाईंना हा हिशेब दाखवला तेव्हा मला वाटलं होतं त्या रागावतील. त्या सुईत दोरा ओवत म्हणाल्या, "मला काय ठाऊक नाही का गं ते? पण बसून करायचं काम हाय. बसल्या कामाचं कोण धरतंय?"

रात्री झोप आली नाही. बाहेरच्या कुणी असं केलं असतं तर मी भांडले असते. चार वर्षं मीच हे केलं, आणि बायकांना घरबसल्या काम दिलं म्हणून लोकांनी माझं कौतुकही केलं.

१९ फेब्रुवारी

नवीन भाव ठरवला. नऊहीजणींना ओसरीवर बोलावून सगळ्यांसमोर मांडला, कारण आजवर भाव मी एकटीच ठरवत होते.

मजुरी २,०००. साड्या, दोरा, साबण आणि बांधायचं कापड मिळून ५५०. माझ्या कामाचे ३५०: साड्या निवडणं, फाडणं, थर मांडणं, धुणं, फोनवर बोलणं. खराब होणाऱ्या किंवा न विकणाऱ्या मालासाठी ३००. गटाच्या कर्जाचा हप्ता आणि पुढच्या हंगामाच्या साड्यांसाठी ४००. बेरीज ३,६००. पार्सलचे पैसे वेगळे.

वेशीजवळच्या काकू म्हणाल्या, "एवढ्याला कोण घेणार? गिऱ्हाईक तुटलं तर पाचशेबी गेले." त्यांची भीती खरी आहे. त्यांच्या घरात दर महिन्याला गोळ्यांचा खर्च असतो आणि त्याला वाकळीचाच पैसा लागतो.

हातातल्या सात ऑर्डरी जुन्याच भावात द्यायच्या ठरल्या, कारण शब्द दिलेला आहे. पण शिवणारीला मजुरी नवीनच. या सात वाकळींत माझे साडेआठ हजारांच्या वर जातील. ते मी गेल्या चार वर्षांचं देणं समजते.

जुन्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं. बऱ्याच जणींचं उत्तर आलं नाही. एका ताईंनी लिहिलं, "एवढ्या पैशांत सोलापूरच्या चार चादरी येतात." त्यांचं म्हणणं बरोबर आहे आणि सोलापूरची चादर चांगलीच असते, आमच्या घरातही आहे. मी त्यांना फक्त टाक्यांचा आकडा आणि ४५ तास लिहून पाठवले. त्यांनी घेतली नाही. पण तोच मेसेज मी पुढे सगळ्यांना पाठवू लागले, आणि आठ दिवसांत तीन ऑर्डरी नव्या भावाने आल्या.

१२ मार्च

लातूरला सिद्धेश्वराच्या यात्रेत तीन दिवस स्टॉल लावला. महाशिवरात्रीपासून यात्रा भरते, गर्दी खूप. १२ वाकळी आणि जाऊबाईंच्या आग्रहाने केलेली १६ दुपटी नेली होती.

वाकळ एकच गेली. खेड्यातल्या म्हाताऱ्या यायच्या, वाकळ हातात घेतली की आधी उलटी करायच्या. मागच्या बाजूने गाठी कुठे आहेत, ओळ कुठे वाकडी गेली, सगळं बोटाने चाचपायच्या. एक आजी तर पाच मिनिटं एका कोपऱ्यावरून अंगठा फिरवत उभ्या होत्या. "हात चांगला हाय," म्हणाल्या आणि पुढे गेल्या. ज्यांच्या घरी स्वतःच्या हातच्या वाकळींची चळत आहे त्या पैसे देऊन वाकळ कशाला घेतील? मला त्यांच्या पारखण्यातून शिकायला खूप मिळालं. आता पार्सल बांधायच्या आधी मीही वाकळ उलटीच तपासते.

दुपटी मात्र ३५० रुपयांप्रमाणे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत १४ गेली. घेणाऱ्या सगळ्या लातूर शहरातल्या तरण्या आया, नाहीतर लेकीच्या बाळंतपणाची तयारी करणाऱ्या बायका. तान्ह्या बाळाला धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापडच लागतं, आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांच्या घरात तसं लुगडं उरलेलं नाही. वाकळीतून उरणाऱ्या तुकड्यांत दुपटं होतं, तीन थर पुरतात. शिवणारीला एका दुपट्याचे १५० ठरवले.

एक गोष्ट लिहून ठेवते, दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल. उद्यम नोंदणीचं (लहान धंद्याच्या सरकारी नोंदीचं) प्रमाणपत्र काढून देतो म्हणून गेल्या वर्षी एकाने माझ्याकडून १,५०० रुपये घेतले होते. शेजारच्या स्टॉलवरच्या पापडवाल्या ताईंनी सांगितलं की ती नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, आधार, पॅन आणि मोबाईल लागतो. त्यांनी स्वतः घरी बसून केली होती.

२१ एप्रिल

हरभरा निघाला, ज्वारी निघाली. आता मृगापर्यंत बायकांचे हात मोकळे. उन्हाळा हाच वाकळीचा खरा हंगाम. भिंतीच्या सावलीला चौघी चार बाजूंनी बसल्या की बोलत बोलत एक वाकळ तीन दिवसांत निघते.

अडचण कापडाची आहे. सुती लुगडी आता फक्त साठीपुढच्या बायका नेसतात. बाकी सगळं सिंथेटिक. त्या साडीचे थर एकमेकांवरून सरकतात, घाम शोषत नाहीत, आणि थंडीत अंगाला गार लागतात. भांडेवालीकडून मी जुन्या साड्या घेते, चांगली सुती असेल तर ७० रुपये. ती गठ्ठ्यात सिंथेटिकही खपवून देते, म्हणून मी आता काडेपेटी घेऊनच बसते. काठाचा एक धागा ओढून जाळायचा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही कागदाचा आणि राख बोटाने पुसली जाते. सिंथेटिक वितळून त्याची टणक गोळी होते. काही साड्या मिश्र धाग्याच्या निघतात, त्यांचा निकाल या परीक्षेने नीट लागत नाही. तेव्हा मी हाताला विचारते.

मांजरपाटाचा धडाही याच महिन्यात मिळाला. खालचं अस्तर नवं असावं म्हणून चार वाकळींना कोरा मांजरपाट लावला होता. धुतल्यावर तो आटला आणि वरचे जुने थर, जे आधीच शंभर वेळा धुतलेले, तसेच राहिले. वाकळी ताटातल्या पापडासारख्या फुगल्या. टाके उसवून पुन्हा घातले. कोरं कापड रात्रभर भिजवून, वाळवून मगच घ्यायचं, आणि शक्यतो घ्यायचंच नाही.

९ मे

मजुरी वाढली हे गावात कळलं आणि आणखी चौघी कामाला आल्या. त्यातल्या दोघींच्या वाकळी आज हातात आल्या. ओळींतलं अंतर इंचभर, काही ठिकाणी त्याहून जास्त. लांबून दिसायला सारख्याच, पण दोरा निम्माच लागला होता.

मी त्यांना दोष देणार नाही. वाकळीमागे पैसे ठरले की हात आपोआप लांब टाके घेतो. रोजाने पैसे दिले तर काम रेंगाळेल, तेही खरं. काय करावं ते मला सुचेना.

आत्याबाईंनी सोडवलं. माझ्या सासूबाई आता शिवत नाहीत, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. पण त्यांनी एक वाकळ मांडीवर घेतली आणि दोन ओळींच्या मधे करंगळी ठेवली. "करंगळी बसली की बास. करंगळीशेजारी जागा उरली तर पोराचा पाय अडकतो, दोरा तुटतो."

त्यांचं माहेर किल्लारीच्या अंगाला. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर माहेरची माणसं पत्र्याच्या शेडमध्ये राहिली, आणि या दोन महिने त्यांच्याजवळ राहायला गेल्या होत्या. पत्रा रात्री गार पडायचा. वाटपात ब्लँकेटं मिळाली होती, पण पोरांना त्यात झोप लागेना. मग ढिगाऱ्यातून निघालेल्या लुगड्यांची धूळ झटकून बायकांनी वाकळी घातल्या. कोणतं लुगडं कुणाचं आहे ते ओळखू यायचं, म्हणाल्या. त्या वेळी टाका एवढा बारीक का घातला असं मी विचारलं. "दुसरं काय करणार होतो गं, हाताला काम पाहिजे होतं." एवढंच बोलून त्यांनी वाकळ माझ्याकडे दिली.

आता नियम असा: वाकळ पूर्ण झाल्यावर बघायची नाही, चार ओळी झाल्या की बघायची. करंगळी ठेवून. नव्या बायकांनी हात बसेपर्यंत दुपटी शिवायची. त्या दोन वाकळी परत दिल्या, दोघींनी मधून मधून आणखी एकेक ओळ घातली, आणि पैसे पूर्ण घेतले.

१४ मे

पुण्याहून एका ताईंचं पार्सल आलं. मूळ गाव निलंगा. आई गेली, तिच्या सहा साड्या. "आईची वाकळ करून द्या. कापताना फोटो पाठवू नका, मला बघवणार नाही."

सहांत एक इरकल आहे, हिरवी, पदर लाल. अंग सुती आणि पदर रेशमी, जसा इरकलीचा असतो. बाकीच्या साध्या सुती, एक दुधाळ रंगाची बारीक फुलांची. ती वरच्या बाजूला घ्यावी आणि मधे लाल पदराचा चौकोन. मांडून पाहिलं तेव्हा सगळ्याच बायका थांबून बघत राहिल्या.

२७ जून

आज लिहायला हात चालत नाही.

पुण्याच्या ताईंची वाकळ काल पूर्ण झाली. पाठवायच्या आधी आम्ही प्रत्येक वाकळ एकदा धुतो, हाताळलेल्या कापडाचा वास जातो आणि टाके बसतात. पाण्यात घातली आणि दोन मिनिटांत टपातलं पाणी गुलाबी झालं. मी ओढून बाहेर काढली, उभी धरली, पण लाल रंग मधल्या चौकोनातून चारी बाजूंनी दुधाळ कापडात उतरत होता. ओल्या कापडावर तो सरकताना दिसत होता. जाऊबाई थंड पाणी ओतत राहिल्या, मी मीठ टाकलं, मग तुरटी. डाग फिका झाला, गेला नाही.

इरकल वापरातली होती, पंचवीस वर्षांची असेल. जुनी साडी म्हणजे रंग पक्का झालेली, असं मी धरून चालले. पण ती बाई पदर जपण्यासाठी साडी कधी भिजवून ठेवतच नसणार. लग्नकार्यात नेसायची, वाऱ्यावर टाकायची, घडी घालून ठेवायची. एका ओल्या पांढऱ्या फडक्याने पदर चोळून बघितला असता तर तिथेच कळलं असतं. अर्ध्या मिनिटाचं काम होतं.

संध्याकाळी फोन केला. मी मधलं काही न लपवता सांगितलं. ताई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तेवढ्याच होत्या हो." मी पैसे सगळे परत करते म्हटलं. त्या म्हणाल्या, मला दोन दिवस द्या.

३० जून

त्यांचा फोन आला. वाकळ आहे तशी पाठवा म्हणाल्या. पैसे मी आजच परत पाठवले, त्यांनी नको म्हटलं नाही आणि ते योग्यच आहे. मजुरी बायकांना पूर्ण दिली, कारण त्यांच्या टाक्यात चूक नव्हती.

आजपासून: आलेली प्रत्येक साडी, काठ वेगळा, पदर वेगळा, अंग वेगळं, ओल्या पांढऱ्या फडक्याने चोळायचं. फडकं त्या ऑर्डरच्या पानाला टाचून ठेवायचं. मिठाच्या पाण्यावर भरवसा ठेवायचा नाही. रंग सुटतो असं दिसलं तर गिऱ्हाइकाला कापायच्या आधी विचारायचं.

१० जुलै

पेरण्या झाल्या, खुरपणी सुरू. ओसरीवर मी आणि आत्याबाई दोघीच. एक महिन्यात देते म्हणून सांगितलेल्या सहा वाकळी अडकल्या आहेत, रोज एक तरी फोन येतो.

चूक माझी. बायका शेतातल्या आहेत, त्यांचं वर्ष शेताप्रमाणेच जाणार. आज कालनिर्णयच्या पानांवर पेनाने खुणा केल्या: मृगापासून श्रावणापर्यंत पेरणी-खुरपणी, ऑक्टोबरात सोयाबीन, जानेवारीत तूर, मग हरभरा. उरलेल्या दिवसांत नऊ हात किती वाकळी करतात ते मोजलं. बायकांना रानातून ओढून आणायचं नाही. गिऱ्हाइकाला अडीच महिने सांगायचे. सहाहीजणांना तसा मेसेज केला. एकाने ऑर्डर रद्द केली, पाचजण थांबले.

२० ऑगस्ट

लाडक्या बहिणीचे पैसे या आठवड्यात बायकांच्या खात्यात आले, दोन महिन्यांचे मिळून ३,०००. त्यासाठी जुलैभर सगळ्या बँकेत आधार जोडायला पळत होत्या. त्यानिमित्ताने नऊहीजणींची स्वतःची खाती चालू झाली.

मी विचारलं, वाकळीचे पैसेही खात्यात टाकू का? आठजणी हो म्हणाल्या. पाटाजवळच्या मावशी म्हणाल्या, "हातात दिले की घरी पोचेपर्यंत संपतात." नववी रोखच पाहिजे म्हणाली, तिचं कारण तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

५ सप्टेंबर

पोळ्याला धरून दोन दिवस तुफान पाऊस झाला. परभणी-हिंगोलीकडे तर फारच. आमच्याकडे घरात पाणी आलं नाही, पण धुतलेल्या तीन वाकळी तीन दिवस वाळल्या नाहीत. वरून कोरड्या लागायच्या, आतले थर ओले. कुबट वास धरला. दोन पुन्हा धुऊन उन्हात टाकून सुधारल्या, एकीवर काळे ठिपके पडले, ती घरात ठेवली. जून ते सप्टेंबर धुणं बंद. जुनी माणसं सगळ्या वाकळी नवरात्राच्या आधी कडक उन्हात नदीवर नेऊन धुतात, त्याला कारण आहेच.

२८ सप्टेंबर

मे महिन्यात एका मोठ्या शहरातल्या दुकानाला दहा वाकळी ठेवायला दिल्या होत्या, विकल्या की पैसे या बोलीवर. सात विकल्या, पैसे चार महिन्यांनी आले, तेही आठ-दहा फोन केल्यावर. तीन कुठे आहेत ते नीट सांगत नाहीत. शिवणारीला मी मजुरी पहिल्याच आठवड्यात दिलेली असते. पुढे निम्मे पैसे आधी आल्याशिवाय दुकानाला माल नाही.

१८ नोव्हेंबर

सोयाबीन घरात आलं, पण भाव नाही. हमीभाव ४,८९२, बाजारात त्याच्या खालीच. दिवाळी ओढाताणीत गेली. या पंधरा दिवसांत आणखी सहा बायका काम मागायला आल्या. एवढ्या ऑर्डरी नाहीत हे सांगताना वाईट वाटतं. दुपट्यांचं काम दोघींना दिलं.

कुरिअरचं बिल बघून धक्का बसला. अडीच किलोच्या वाकळीला सात किलोचे पैसे लावले होते. चौकशी केली तर कळलं की ते खोक्याचं मापही धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५,००० ने भागायची, वजन आणि हे यांतलं जे जास्त त्याचे पैसे. माझं खोकं ४५ बाय ३५ बाय २२, म्हणजे जवळजवळ सात किलो. वर्षभर मी हवेचे पैसे भरत होते. आता वाकळ घट्ट घडी घालून, वर पाट ठेवून, त्यावर बसून, सुतळीने आवळून बांधतो. ४० बाय ३० बाय १२ मध्ये बसते. तीन किलोच्या आत. गिऱ्हाइकाला चिठ्ठी जाते की उघडल्यावर दोन तास उन्हात पसरा.

३० डिसेंबर

आज येळवस. रानातून संध्याकाळी आले, पाय धुतले आणि वही काढली.

३८ वाकळी विकल्या, ५२ दुपटी. गेल्या वर्षी ६१ वाकळी होत्या. आलेले पैसे १,४०,३००. मजुरीचे गेले ८९,८००, त्यात दुकानात अडकलेल्या तीन वाकळींचेही आले. सामान, जुन्या ऑर्डरींची पार्सलं आणि पुण्याचे परत केलेले पैसे वजा केले की माझ्याकडे साधारण २१ हजार राहतात. गेल्या वर्षीइतकेच.

बायकांचा आकडा मात्र ३०,५०० वरून ८९,८०० वर गेला. मी तो दोनदा लिहिला, एकदा शाईने. माझे ३५० कमी आहेत, पुढच्या वर्षी ५०० धरायचे. हे मी बायकांना सांगितलं तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "तू बी बसूनच काम करतीस की. तुझं कोण धरणार?"

९ जानेवारी २०२५

नांदेडहून पार्सल. सासूच्या पाच साड्या, सुनेने पाठवलेल्या. पुण्याच्या ताईंनी नंबर दिला म्हणे. मला त्या ताईंना फोन करायचा आहे, अजून धीर झाला नाही.

पाचांत एक इरकल आहे. निळी, पदर लाल.

जाऊबाईंनी फडकं भिजवलं, पिळलं, पदरावर चोळलं. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा थोडं दाबून चोळलं तर फडक्यावर करंगळीएवढा लाल पट्टा आला. फोन लावला. त्या म्हणाल्या, मग पदर तेवढा तसाच परत पाठवा, बाकी घ्या.

पदर जोडाजवळून कापून काढला. घडी घातली, कागदात गुंडाळला, वर नाव लिहिलं. फडकं वाळायला टाकलंय, सकाळी पानाला टाचायचं.